आधी बघून येतो

आमच्या इमारतीतले रामटेके काका प्रत्येक लग्नाला दोनदा जातात. एकदा लग्नाच्या दिवशी आणि एकदा आदल्या दिवशी. आदल्या दिवशी कार्यालयात अर्थातच दुसऱ्या कुणाचं तरी लग्न असतं. काका खुशाल आत शिरतात. हात धुवायची जागा कुठे आहे ते बघतात, पंख्याचा वारा कुठल्या खुर्च्यांना लागतो ते बघतात, बसस्टॉप किती लांब आहे ते बघतात, आणि कुणी फारच आग्रह केला तर जेवूनही येतात. मग संध्याकाळी जिन्यात गाठून मला सांगतात, "वैशालीताई, उद्या डावीकडं बसा. उजवीकडं तोंडावर ऊन येते. मठ्ठा चांगला होता, पण उद्या आचारी तोच राहील याची गॅरंटी नाही."

लोक याला विक्षिप्तपणा म्हणतात. काका याला तपासणी म्हणतात. मूळचे वर्ध्याकडचे, तरुणपणी खडकीच्या कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तपासणी खात्यातच राहिले. तिथे बनलेली वस्तू काकांनी पास केल्याशिवाय बाहेर पडत नसे. वस्तू कोणती, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिथे लोणची घालत नाहीत हे अख्ख्या खडकीला ठाऊक आहे, पण काका अजूनही गंभीर चेहऱ्यानं "सांगायची परवानगी नाही" म्हणतात. "आमच्याकडं 'बघू, होईल काहीतरी' असं म्हणून चालत नव्हतं बाप्पा," ते म्हणतात. "कारण काही झालं, तर ते फार मोठ्यानं व्हायचं."

घर घेतलं तेही खडकीतच, कारखान्याचा भोंगा ऐकू येईल अशा ठिकाणी. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते दवाखान्यात जाऊन पलंगावर आडवे होऊन आले. माझ्या लेकीच्या बारावीला परीक्षेचं केंद्र आम्ही बघायच्या आत काकांनी बघितलं होतं, आणि तिचा बाक हलतो म्हणून शिपायाकडून पायाखाली पुठ्ठा घालून घेतला होता. सोसायटीतले एक आजोबा वारले, तेव्हा स्मशानात कुठल्या बाजूनं शिरायचं ते काकांनीच सगळ्यांना दाखवलं. मी मनात म्हटलं, माणूस जिथे एकदाच जातो तिथेही हे आधी जाऊन आलेले दिसतात. तेवढ्यात काका माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "सोय चांगली आहे इथं. बस दारापर्यंत येते."

त्यांचं एकच वाक्य आमच्या इमारतीत प्रसिद्ध आहे. कुठेही जायचं निघालं की काका हात वर करून म्हणतात, "थांबा. आधी बघून येतो."

कमलकाकू, म्हणजे त्यांची बायको, याच्या बरोबर उलट. मनात आलं की निघाल्या. हातात पिशवी, पायात चपला आणि समोर येईल ती बस. खडकीत हवी तेवढी भाजी मिळत असताना त्या कोथिंबिरीसाठी मंडईत जायच्या. "इथं मिळत नाही का हो?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मिळते ना. पण इथच्या कोथिंबिरीसाठी बसमध्ये बसाले भेटत नाही." त्यांना बसचं वेडच होतं. खिडकीची जागा, मांडीवर पिशवी आणि शेजारी बसेल तिच्याशी गप्पा. परत येताना सगळ्या इमारतीची कोथिंबीर त्यांच्या पिशवीत असायची, आणि शेजारी बसलेल्या बाईच्या घरची सगळी हकिगतही.

दोन वर्षांपूर्वी बसमधून उतरताना त्यांचा पाय पायरीवरून सुटला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड नीट जुळलं. डॉक्टर म्हणाले, हिंडा-फिरा, फक्त खाली उकिडवं बसू नका आणि पाय फार वर उचलू नका. काकू घरात चालतात, गॅलरीत येतात, जिना धरून खाली फाटकापर्यंतही येतात. फाटकाच्या पुढे मात्र नाही. मुलगा बंगळूरला असतो. त्यानं एकदा गाडी ठरवून दिली. बंद काचांच्या गाडीत काकूंना पहिल्या सिग्नलच्या आतच असं मळमळायला लागलं, की ड्रायव्हरनं न सांगता गाडी मागे वळवली.

मग एक दिवस काकूंनी आपल्या बाहेरच्या चपला कामाला येणाऱ्या संगीताला देऊन टाकल्या. चांगल्या होत्या, टाचाही झिजल्या नव्हत्या. मी तिथेच बसले होते. "मले आता कायले पाहिजेत?" काकू म्हणाल्या. "भाजी दारात येते, डॉक्टर फोनवर बोलते. एक समुद्र पाहाचा राहिला. तो काही सगळ्यांनाच भेटत नाही." हे त्या अगदी हसत म्हणाल्या, आणि ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. ज्या बाईनं अख्खं पुणे बसच्या खिडकीतून पाहिलं, तिनं चपलाच देऊन टाकाव्यात म्हणजे काय! काका दारात उभे होते. संगीता त्या चपला घालून जिना उतरून गेली, तरी ते जिन्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. मी खराडीतल्या एका कंपनीत हिशेब खात्यात आहे, आणि आमच्याकडे शनिवार-रविवारी सुट्टी असते हे काकांना माझ्याइतकंच पाठ आहे.

"वैशालीताई, शनिवारी समुद्रावर येता का? अलिबागला. एसटीनं."

मी एका पायावर तयार झाले. कितीतरी दिवसांत खराडीशिवाय मी कुठे गेले नव्हते. "काकूही येतायत?" मी विचारलं.

"तिला पुढच्या शनिवारी न्यायचं आहे. आत्ताच सांगू नका. आधी बघून येतो."

"मग तुम्ही बघून या. मी कशाला?"

काका एकदम लाजले. छताकडे बघत म्हणाले, "बायकांच्या बाथरूममध्ये मला जाता येत नाही ना."

तर अशा रीतीनं, पाण्याची बाटली, टोपी आणि गॉगल घेऊन मी अलिबागच्या वाटेवरची बायकांची बाथरूमं तपासायला निघाले.

स्टँडवर काकांनी खिशातून एक सुतळी काढली. तिला मध्ये एक गाठ होती. काकू व्यायामासाठी घरात लाकडी पायरीवर पाय ठेवतात, ती पायरी त्यांना नकळत मोजून काकांनी ही गाठ मारली होती. काकूंचा पाय तेवढाच वर जातो. गाठीच्या खाली ते पास, वर ते रिजेक्ट. बस लागल्याबरोबर काकांनी खिडकीतून दोन रुमाल टाकून जागा धरल्या, आणि मग दाराशी वाकून सुतळी लावली. पायरी गाठीच्या चांगलीच वर होती. काका बिचकले नाहीत. त्यांनी कापडी पिशवीतून घरातला जेवायचा पाट काढला. त्याला भोक पाडून दोरी ओवली होती, म्हणजे वर चढल्यावर पाट ओढून घेता येईल.

"चढा," काका म्हणाले. "पाऊल गाठीच्या वर न्यायचं नाही. डावा पाय आधी. कमलचा उजवा दुखरा आहे."

मी कमलकाकू होऊन पाटावर चढले, कण्हत दांडा धरला आणि पायरीवर पाय टाकला. मागे लोक ताटकळले होते. कंडक्टरनं कळवळून विचारलं, "काय झालं ताई पायाला?"

"माझ्या पायाला काही झालं नाही."

"मग?"

"मी दुसऱ्यांच्या वतीनं चढतेय."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाटाकडे बघितलं, मुकाट्यानं तिकिटं दिली आणि अलिबागपर्यंत आमच्या बाजूला फिरकला नाही.

घाटात दरीतून ढग वर येत होते. मी खिडकीला नाक लावून बसले होते. काका काच सरकते का, ऊन कुठल्या बाजूनं येतं आणि ब्रेक लागला की धरायला काय आहे, ते बघत होते. जाताना, येताना, बस जिथे जिथे थांबली तिथे मला खाली उतरवण्यात आलं. मी बाहेर आले की काका जरा लांब, भलतीकडेच बघत उभे असायचे आणि तोंड न वळवता विचारायचे, "खुर्ची आहे?" खुर्ची म्हणजे कमोड.

"आहे. पण कडी नाही."

"रिवर्क." म्हणजे दुरुस्ती झाली तर पास.

दुसरीकडे कडी होती, खुर्ची होती, पाणी नव्हतं. "रिजेक्ट." एका हॉटेलात मात्र तिन्ही होतं, शिवाय भिंतीला धरायला दांडाही होता. काका इतके खूश झाले की थेट गल्ल्यावरच्या माणसाला जाऊन म्हणाले, "पुढच्या शनिवारी पण असंच राहील ना?" त्या बिचाऱ्यानं आजवर टेबलांचं बुकिंग घेतलं असेल, बाथरूमचं पहिल्यांदाच घेतलं.

अलिबागला पोचल्यावर आम्ही मिनीडोअर पकडली. मिनीडोअर म्हणजे तिकडची, सगळ्या सीटा भरल्याशिवाय न हलणारी गाडी. पहिल्या किनाऱ्यावर रस्त्यापासून पाण्यापर्यंत भुसभुशीत वाळू, रिजेक्ट. दुसऱ्या गावात पायऱ्या होत्या पण धरायला कठडा नव्हता, रिजेक्ट. तिसऱ्या गावात मात्र डांबरी रस्ता थेट सुरूच्या झाडांपर्यंत आला होता, आणि झाडांपुढे सिमेंटच्या ओट्यावर एक बाक होता. काकांनी बाकावर दोनदा बसून-उठून बघितलं. बरोब्बर बसण्याजोगा. समोरच सुगंधाबाईंची घरगुती खानावळ. तिथली बाथरूम मी तपासली. खुर्ची, कडी, पाणी आणि वर एक स्वच्छ आरसा.

"पास!" मी आतूनच ओरडले.

आणि समुद्र! त्या दुपारी समुद्र नुसता उसळत होता. लाटा ओट्याच्या पायाशी येऊन फुटत होत्या, तुषार बाकापर्यंत येत होते. मी टोपी सांभाळत लहान पोरीसारखी किंचाळत होते. काका मात्र बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बाकाला पाठ नव्हती, कुठल्याही बाजूला तोंड करून बसता आलं असतं. त्यांनी समुद्राकडे पाठ केली आणि रस्त्यावरून रिक्षा किती येतात ते बघत बसले.

"अहो काका, मागे बघा तरी!"

"बघू नंतर. सावली इथं किती वेळ राहते?"

मला खरंच राग आला. एवढ्या लांब यायचं आणि समुद्राला पाठ दाखवून झाडाची सावली मोजायची! असल्या माणसाबरोबर काकूंनी उभा जन्म काढला. जेवतानाही ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि सुगंधाबाईंना सुरमईच्या तुकडीत काटे किती येतात ते विचारत राहिले. परतीच्या बसमध्ये मी खोचकपणे म्हटलं, "काका, तुम्हाला समुद्र आवडत नाही वाटतं?"

"ते अजून ठरलं नाही," काका म्हणाले, आणि सुतळीची गुंडाळी करून खिशात ठेवली.

रविवारी त्यांनी काकूंपुढे नव्या चपला ठेवल्या. मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या. काकूंनी त्या हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. "मी नाही येत. पडली तर?"

मग काकांनी घराच्या दारापासून समुद्राच्या बाकापर्यंतची सगळी वाट तोंडपाठ म्हणून दाखवली. कुठे पाट लागेल, कुठे उतरायचं, कुठे खुर्ची आहे, कुठला दांडा धरायचा. "आणि वैशालीताई सगळीकडं चढून आल्या आहेत. तुझ्यासारखा पाय उचलून."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू बसमध्ये माही नक्कल केली?"

"कण्हलेसुद्धा," मी म्हटलं.

काकू हसायला लागल्या. त्या हसता हसता दम लागून सोफ्यावर बसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. हे हसणं मात्र मला ओळखीचं होतं. "एवढा तमाशा करून आले, तर यावंच लागते मले," त्या म्हणाल्या आणि चपला घालून खोलीतल्या खोलीत चालून बघितल्या.

पुढच्या शनिवारी काकांनी तीच बस धरली. वार तोच, वेळ तीच, बाजू तीच. "म्हणजे सगळं तसंच राहील," ते म्हणाले. कंडक्टरही तोच निघाला. मला आणि पाटाला बघून त्याच्या कपाळावर आठी आली. मग मागून काकांचा हात धरून येणाऱ्या काकू दिसल्या आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "असं होय! यांच्या वतीनं चढत होता तुम्ही!"

काकूंनी पाटावर पाय ठेवला. दांडा धरला. आणि तशाच थांबल्या. दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती. मागून कुणीतरी "चला हो, चला" म्हणालं. "जरा थांबा की राव," कंडक्टरनं त्याला दटावलं आणि स्वतः खाली उतरून काकूंच्या मागे उभा राहिला. काका शेजारी पाटाची दोरी धरून उभे होते. मग काकूंनी डावा पाय उचलला, पायरीवर टाकला, आणि त्या चढल्या. खिडकीशी जाऊन बसल्या, मांडीवर पिशवी घेतली. बस खोपोलीला पोचायच्या आत पुढच्या सीटवरच्या बाईच्या सुनेचं माहेर त्यांना कळलं होतं. तेव्हा कुठे काकांनी पहिल्यांदाच पाठ टेकली.

वाटेतल्या हॉटेलात दांडा धरून खुर्ची झाली, मिनीडोअर झाली, डांबरी रस्ता झाला. सगळं जिथल्या तिथे होतं. काका काकूंच्या पावलांकडे बघत त्यांना हळूहळू ओट्यावर घेऊन आले आणि बाकावर बसवलं. समुद्राकडे तोंड करून. काकूंनी पदर सारखा केला, समोर बघितलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "काहून वो, समुद्र कुठं आहे?"

समोर समुद्र नव्हता. लांबच लांब ओली, राखाडी वाळू होती, तिच्यावर दोन होड्या कलंडून पडल्या होत्या आणि पार टोकाला एक पांढरी रेघ हलत होती. आम्ही पुण्याची माणसं. शनिवारी असतो तो समुद्र पुढच्या शनिवारी त्याच वेळी तिथेच असणार, यात आम्हाला काही शंकाच आली नव्हती.

काकांनी क्षणभर मान वर केली आणि लगेच माझ्याकडे वळले. "वैशालीताई, मागच्या शनिवारी होता ना इथं?"

"होता की. या ओट्याशी होता!"

"तुम्ही नीट बघितला होता ना?"

"अहो काका, तुम्हीही इथेच बसला होता!"

काका बाकावर बसले, पुन्हा पाठ करून. चेहरा उतरून एवढासा झाला होता. "सगळं तपासलं," ते म्हणाले. "हेच राहिलं. कमल, हा समुद्राचा नमुना धरू नको."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "लांबून दिसला ना. झालं." आणि पुन्हा हसल्या, चपला देऊन टाकताना हसल्या होत्या तशा. आज त्या अशाच परत गेल्या तर पुन्हा फाटकाबाहेर पडणार नाहीत, हे मला दिसत होतं, आणि काकांना तर माझ्याआधी दिसलं होतं.

सुगंधाबाई ओल्या हातानं बाहेर आल्या. आमचे चेहरे बघून त्यांना हसूच आलं. "अहो, गेलाय, येईल. इथंच राहतो तो."

"कधी?" काकांनी विचारलं.

"संध्याकाळला. पण आज भांगाचं पाणी आहे, कमी भरतीचं. मागच्या वेळेला उधाण होतं, तसा ओट्यापर्यंत नाही चढायचा. येईल जवळ, तेवढाच."

आमची परतीची बस त्याच्या कितीतरी आधी होती. तिच्यातल्या जागा ठरल्या होत्या, तिच्या वाटेवरची खुर्ची पास झालेली होती. "मागून एक बस असते," सुगंधाबाई म्हणाल्या.

"तिची पायरी केवढी आहे?"

"आता ते मला काय ठाऊक! बसला असते तेवढी."

काकांनी खिशातून सुतळी काढली. गाठ अंगठ्याखाली धरून जरा वेळ बसले. मग सुतळी खिशात टाकली. "थांबू," ते म्हणाले.

"न बघता?" मी विचारलं. माझा विश्वासच बसेना.

"न बघता."

जेवण झालं. काका सुगंधाबाईंकडे पाण्याची चौकशी करायला गेले, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "नवीन लग्न, नवीन नोकरी होती ना, तवा ह्यांना मुंबईले ट्रेनिंगले धाडलं होतं. सगळे पोरं संध्याकाळी समुद्रावर जात. हे एकटे खोलीवर. मी लग्नातच म्हटलं होतं, मले समुद्र दाखवा. हे म्हणाले, मी बी नाही पाहिला, दोघं मिळूनच पाहू. मग पोरगा झाला, ओव्हरटाइम आला, सुट्टी भेटली की गाडी वर्ध्याची. राहूनच गेलं."

मी खानावळीच्या दाराकडे बघितलं. काका तिथेही समुद्राकडे पाठ करून उभे होते. मागच्या शनिवारी मी या पाठीवर दिवसभर चिडले होते. लग्न असो नाहीतर स्मशान, सगळं आधी बघून येणाऱ्या या माणसानं जन्मात एकच गोष्ट आधी बघायची नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळायला ती गोष्ट दोन हातांवर असताना तो रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसला होता. मला लाटांच्या आवाजातलं त्यांचं "बघू नंतर" आठवलं.

परतीच्या बसची वेळ झाली, टळली. उन्हं कलली, आणि ती पांढरी रेघ जाड व्हायला लागली. मग आवाज आला. मग कलंडलेली एक होडी सरळ झाली. काकू पुढे सरकून बाकाच्या कडेवर बसल्या. पाणी येत राहिलं, येत राहिलं, आणि सुगंधाबाई म्हणाल्या होत्या तसं, थोडं अलीकडे येऊन तिथेच घुटमळायला लागलं. ओट्याखाली उतरून थोडंसं चाललं की पाय भिजले असते.

काकांनी वाळूवर पाट ठेवला आणि सवयीनं सुतळी काढून ओट्याच्या कडेला लावली. पाट धरूनही उंची गाठीच्या वर जात होती. त्यांनी काकूंकडे बघितलं.

"ठेवा ती खिशात," काकू म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

एक हात माझ्या हातात, एक काकांच्या खांद्यावर. डावा पाय हवेत गेला, आणि तो पाटावर आला. मग उजवा. मग वाळू. ओली वाळू टणक होती, पाय रुतत नव्हता. काका त्यांच्यापुढे उलटे चालत होते, दोन्ही हात पसरून, नजर काकूंच्या पावलांवर. त्यामुळे समुद्र पहिल्यांदा लागला तो काकांच्या टाचांना. ते दचकले, पण वळले नाहीत. पुढची लाट काकूंच्या नव्या चपलांवरून गेली.

"अवो! कोमट आहे!" काकू एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की सुगंधाबाई धावत बाहेर आल्या.

मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मी ओल्या वाळूत फतकल मारून बसले. साडी भिजली. भिजू दे म्हटलं. पुढच्या बसची पायरी आभाळाएवढी असली तरी काकू आता चढणार होत्या.

"झालं ना आता?" काकू काकांना म्हणाल्या. "वळा. दोघं मिळून पाहाचा होता ना."

काका वळले. पाट छातीशी धरून उभे राहिले. समोर सूर्य पाण्याला टेकत आला होता आणि समुद्र पार आडवा पसरला होता. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं. मग काकूंनीच विचारलं, "काहून वो? पास का रिजेक्ट?"

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, परत काढला.

"मग सांगतो," ते म्हणाले. "आत्ता काही दिसून नाही राहिलं."